हृदयाचं आवरण काढायचं म्हणजे नेमकं काय होतं

तुमचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत मांडते, चुकलं असेल तर सांगा. बाबा ५४ वर्षांचे, काटोल तालुक्यात संत्र्याची बाग. दीड वर्षापासून पोट फुगतं, पाय सुजतात, दोन घास खाल्ले की पोट भरतं. यकृताचा आजार समजून औषधं झाली, पोटातलं पाणी दोनदा काढलं. आता इको आणि सीटी स्कॅनमध्ये कळलं की हृदयाभोवतीचं आवरण जाड झालंय आणि त्यात चुना साचलाय. दहा वर्षांपूर्वी टीबी झाला होता, औषधं पूर्ण घेतली होती. डॉक्टरांनी पेरिकार्डिएक्टमी, म्हणजे ते आवरण काढण्याची शस्त्रक्रिया सांगितली आहे. तुम्ही विचारता: आवरणाशिवाय हृदय राहील कसं, धोका किती, किती दिवस लागतील, आणि अंबिया बहाराची तोड झाल्यावर केली तर चालेल का.

मी हृदयशस्त्रक्रियेतली भूलतज्ज्ञ आहे, नागपुरात बावीस वर्षं हेच काम करते. छाती सर्जन उघडतात. पेशंटला झोपवणं, रक्तदाब सांभाळणं आणि नंतर आयसीयूत उशाशी थांबणं हे माझ्याकडे असतं. त्यामुळे मी जे सांगते ते पलंगाच्या डोक्याकडच्या बाजूने पाहिलेलं आहे. बाबांचे रिपोर्ट माझ्यासमोर नाहीत, म्हणून काही ठिकाणी 'हे अवलंबून आहे' असंच म्हणावं लागेल.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. बहारासाठी थांबू नका.

हृदयाभोवती दोन पदरांची पातळ पिशवी असते. निरोगी माणसात ती साधारण एक-दोन मिलिमीटर जाड असते आणि आत १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतो, घर्षण होऊ नये म्हणून. टीबीसारख्या आजाराने ही पिशवी सुजते, मग दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात, आकसतात, आणि काही वर्षांत त्यात कॅल्शियम बसतं. हृदयाची दोन कामं: आवळून रक्त ढकलायचं आणि सैल होऊन रक्त घ्यायचं. बाबांचं आवळणं बहुतेक ठीक असेल, म्हणूनच इकोमध्ये 'पंपिंग नॉर्मल' असं येतं आणि घरचे निश्चिंत होतात. अडतं ते भरणं. तुमच्या बागेतल्या ठिबकची शेवटची नळी दाबून धरली तर पाणी मागे तुंबतं ना, तसंच रक्त मागे तुंबतं: आधी मोठ्या नसांत, मग यकृतात, आतड्यांत, पोटात, पायांत. जेवण जात नाही ते आतड्यांना आलेल्या सुजेमुळे.

म्हणूनच सुरुवातीला हा आजार यकृताचा वाटतो. यात तुमची चूक नाही, आणि आधीच्या डॉक्टरांवर राग धरून आता हाती काही लागणार नाही. पण एक खूण सांगते, ती तुम्हीही पाहू शकता. बाबांना खिडकीजवळ खुर्चीवर सरळ बसवा, बाजूने उजेड पडू द्या, हनुवटी थोडी वळवा. मानेतली शीर बसल्या जागी फुगलेली दिसते का? बहुतेकदा श्वास आत घेताना ती खाली जायला हवी, पण या आजारात ती तशीच राहते किंवा आणखी वर चढते. कुसमॉल नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८७३ मध्ये हे लिहून ठेवलं होतं. निव्वळ यकृताच्या आजारात पोट कितीही फुगलं तरी मान सहसा अशी दिसत नाही. पोट फुगलेल्या माणसाची मान पाहिली गेली नाही, तर असे महिने निघून जातात.

आता थांबता का येत नाही ते सांगते. काही जणांमध्ये आवरणाची सूज ताजी असते. टीबी नुकताच निघालेला असतो, किंवा व्हायरल तापानंतर चार-सहा आठवडे झालेले असतात. अशांना सूज उतरवणारी औषधं, टीबी असेल तर टीबीची औषधं देऊन काही आठवडे, कधी दोन-तीन महिने वाट पाहिली जाते, कारण त्यातल्या काहींचं आवरण पुन्हा सैल होतं आणि शस्त्रक्रिया टळते. ताज्या टीबीत चार ते आठ आठवडे औषधं घेऊनही माणूस सुधारत नसेल किंवा खालावत असेल, तर शस्त्रक्रियेकडे वळतात. बाबांचं तसं नाही. आवरणात चुना बसलाय, म्हणजे तो जुना व्रण आहे. गोळीने गिलावा विरघळत नाही. आणि हृदयाचा स्नायू वर्षानुवर्षं या कवचात दाबून राहिला तर तोही बारीक होतो, चुना स्नायूत शिरतो. यकृत रोज रक्त तुंबून झिजतं, किडनी थकते. शस्त्रक्रियेचा धोका मुख्यतः यावरच ठरतो: किती उशीर झालाय. जिना चढताना धाप लागणारा पेशंट आणि पलंगावर बसून धाप लागणारा पेशंट, दोघांची शस्त्रक्रिया तीच असली तरी आमच्यासाठी ती दोन वेगळी कामं असतात.

आकडा सांगते, कारण घरच्यांना तो हवा असतो आणि कुणी सांगत नाही. वेगवेगळ्या देशांतल्या मोठ्या केंद्रांचा अनुभव पाहिला तर या शस्त्रक्रियेत किंवा लगेच नंतर दगावणाऱ्यांचं प्रमाण शंभरात साधारण ५ ते १२ असं येतं. बायपासपेक्षा हे बरंच जास्त आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. छातीला कॅन्सरचं रेडिएशन झालेलं असेल तर धोका याहून पुष्कळ वाढतो. किडनी बिघडलेली, डावा कप्पा कमजोर, उजवीकडची झडप जोरात गळणारी, यकृत खरोखर कडक झालेलं, वय जास्त, यातलं काहीही असेल तरी वाढतो. बाबांच्या कागदांत यातलं काय आहे हे सर्जनना थेट विचारा. 'आमच्या बाबांसाठी शंभरात किती?' हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. 'तुम्ही वर्षाला अशा किती करता?' हाही नाही.

आवरण काढल्यावर हृदय उघडं पडेल, लटकेल, ही भीती जवळपास प्रत्येक घरातून येते. तसं होत नाही. हृदय मोठ्या रक्तवाहिन्यांनी धरलेलं असतं, बाजूला फुप्फुसं टेकलेली असतात, समोर छातीचं हाड पुन्हा बंद होतं. काही माणसं जन्मतःच या आवरणाशिवाय असतात आणि जगतात. शिवाय बाबांचं आवरण आवरणाचं काम कधीच सोडून बसलंय, आता ते फक्त आवळतं.

शस्त्रक्रियेआधी काही दिवस भरती करून घेतात. पाणी उतरवायच्या गोळ्या-इंजेक्शनं, गरज पडली तर पोटातलं किंवा छातीतलं पाणी काढणं, रक्त गोठण्याची तपासणी, चाळिशीपुढे बहुधा अँजिओग्राफी. कधी हृदयाच्या चारही कप्प्यांतले दाब नळी घालून मोजतात. आवरण खरंच आवळतंय की स्नायूच कडक झालाय, हा फरक त्यातून पक्का होतो. स्नायूच कडक असेल तर आवरण काढून फायदा नाही. श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलायचं ते प्लास्टिकचं खेळणं हातात देतील. तो वेळ घालवायचा खेळ नाही. जे पेशंट आधीचे आठ दिवस मनापासून करतात, त्यांचं व्हेंटिलेटर लवकर निघतं.

दोन गोष्टी माझ्या खात्यातल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर. बाबांची नाडी ९०-१०० असेल. कुणाला वाटेल ती कमी करणारी गोळी द्यावी. या आजारात हृदय एका ठोक्याला ठरावीकच रक्त घेऊ शकतं, त्यामुळे ते ठोके वाढवून भागवतं. नाडी उतरवली तर रक्तदाब कोसळतो. घरात कुणाची बीपीची जुनी गोळी असेल तर ती बाबांना चुकूनही देऊ नका. दुसरं, सूज उतरतेय म्हणून लघवीच्या गोळ्या आपल्या मनाने वाढवू नका. भरायला जागा कमी असलेल्या हृदयाला कोरडं केलं तर ते आणखी अडतं. आमचे सर्वांत नाजूक क्षण चिरा देताना नसतात, भूल देतानाचे असतात, आणि त्यावेळी शरीरात पाणी ना जास्त ना कमी असावं लागतं.

त्या दिवशी मनगटात एक बारीक नळी बाबा जागे असतानाच लागेल, ठोक्यागणिक रक्तदाब दिसावा म्हणून. मग झोप. मानेत दुसरी नळी, घशातून इकोची नळी (आवाज दोन दिवस घोगरा राहतो, घाबरू नका). छातीच्या मधल्या हाडातून चिरा देतात, काही सर्जन डाव्या बरगड्यांमधून जातात. हार्ट-लंग मशीन (हृदय आणि फुप्फुसांचं काम तेवढ्यापुरतं करणारं) शेजारी तयार असतं. बऱ्याचदा ते लागत नाही, कारण हृदय आतून उघडायचं नसतं. या शस्त्रक्रियेची कल्पना फ्रान्समधल्या देलोर्म यांनी १८९८ मध्ये मांडली आणि जर्मनीत १९१३ मध्ये ती प्रत्यक्षात झाली. ते मशीन माणसावर पहिल्यांदा यशस्वी झालं १९५३ मध्ये.

धडधडत्या हृदयावरून सर्जन आवरण सोलतात. तुम्ही हिरवं संत्रं सोललं असेल, जिथे साल फोडीला घट्ट धरून असते. तसं, इंचाइंचाने. चुन्याच्या वड्या कात्रीने कापत नाहीत, हाड तोडायच्या चिमट्याने कुरतडाव्या लागतात, आणि त्याचा बारीक कटकट आवाज मला डोक्याच्या बाजूला ऐकू येतो. आधी डावा कप्पा मोकळा करतात, मग उजवा. उलट केलं तर उजवीकडून जोरात आलेलं रक्त अजून जखडलेल्या डाव्या कप्प्याला पेलत नाही आणि फुप्फुसात पाणी भरतं. दोन्ही बाजूंना श्वासाच्या पडद्याची नस (रक्ताची नव्हे, मज्जातंतू) जाते, ती जपत एका नसेपासून दुसऱ्या नसेपर्यंतचं आवरण, आणि शक्य तितकं खालचं, काढतात. जिथे चुना रक्तवाहिनीला किंवा स्नायूला घट्ट धरून असतो तिथे छोटं बेट तसंच सोडतात. 'सगळं निघालं नाही' असं ऐकलंत तर खचू नका, ते बेट मुद्दाम सोडलेलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात गोंदियाकडच्या एका शेतकऱ्याच्या वेळी मानेतल्या नळीवरचा दाब सुरुवातीला २४ होता. निरोगी माणसात तो साधारण २ ते ८ असतो. डावी बाजू मोकळी झाली तरी तो हलला नाही. उजवीकडची शेवटची जाड पट्टी सर्जननी उचलली, आणि तिच्याखालून उजवा कप्पा फुगून वर आला. पडद्यावर २४ चे १९ झाले, मग १५. रक्तदाबाची लाट उंच झाली. थिएटरात कुणी काही बोललं नाही, सिस्टरनी फक्त तो आकडा कागदावर लिहिला. त्या दिवशी तो १३ वर थांबला, ८ पर्यंत आला नाही.

तो १३ वर का थांबला, यातच पुढचे सहा महिने आहेत. कवच निघतं एका दुपारी, पण आतला स्नायू वर्षानुवर्षं दबलेला असतो, प्लास्टर काढल्यावरच्या पायासारखा बारीक झालेला. एकदम मोकळीक मिळाल्यावर तो गोंधळतो, ताणला जातो, काही तास ते दोन-तीन दिवस कमी ताकदीने चालतो. आयसीयूत मला झोप लागत नाही ती या काळात. हृदयाला आधार देणारी औषधं पंपातून चालू असतात, दर तासाची लघवी मोजतो, क्वचित किडनीला मशीनचा आधार लागतो. व्हेंटिलेटर बहुतेकांचं रात्रीत किंवा दुसऱ्या दिवशी निघतं, काहींचं नाही. छातीतल्या नळ्यांतून पिवळसर पाणी बरेच दिवस येत राहतं. आयसीयूत तीन ते पाच दिवस, एकूण दवाखान्यात आठ ते बारा, हा सरळ गेलेल्या पेशंटचा हिशोब. रोजगार, बाग, मुलांच्या शाळा यांची सोय तीन आठवड्यांची करून या.

आयसीयूच्या बाहेर बसणाऱ्यांसाठी: पहिल्या दिवशी बाबांचा चेहरा शस्त्रक्रियेआधीपेक्षा जास्त सुजलेला दिसू शकतो. आम्ही आत जे द्रव दिलेलं असतं त्यामुळे ते होतं. दोन दिवस तरी 'पोट उतरलं का' हा प्रश्न मनात ठेवा, आम्हाला 'लघवी कशी आहे' ते विचारा.

काढलेलं आवरण तपासणीला जातं: सूक्ष्मदर्शकाखाली, आणि टीबीच्या जनुकीय तपासणीला. टीबीचं कल्चर लावलं तर त्याला सहा-आठ आठवडे लागू शकतात. जुना टीबी असला तरी हे करून घ्याच. आत अजून जिवंत जंतू निघाले तर पुन्हा औषधांचा कोर्स लागतो, आणि तो सरकारी क्षयरोग कार्यक्रमात मोफत मिळतो.

घरी आल्यावर छातीचं हाड तारांनी बांधलेलं असतं, ते जुळायला दोन ते तीन महिने. सहा-आठ आठवडे दोन-तीन किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही, मोटरसायकल नाही, उठताना कुशीवर वळून उठायचं, खोकताना उशी छातीशी धरायची. संत्र्याचं क्रेट तीन महिन्यांनंतर, तेही तपासून. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाआधी, त्याच काट्यावर वजन. ते वहीत लिहा. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं, ताप आला, जखमेतून पाणी आलं, हाडात कटकट जाणवली, धाप वाढली, तर फोन करा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

मीठ खरंच कमी लागतं. आपल्याकडे भाजीतलं मीठ कमी करतात आणि ताटात लोणचं, पापड, सांडगी मिरची तशीच राहते. ते थांबवा. सावजीचा रस्सा वर्षभर विसरा. पाणी मोजून प्यायला सांगतील, पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला जातो, तेव्हा तीच मर्यादा आणि तोच गोळ्यांचा डोस चालत नाही. चक्कर, कोरडी जीभ, कमी लघवी झाली तर डोस बदलून घ्या. आणि बागायतदाराच्या घरी हे सांगायला हवं: स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी चालू असेल तर रोज संत्र्याच्या रसाचे पेले नकोत, दोन्हींनी रक्तातलं पोटॅशियम वाढतं. किती चालेल ते रक्त तपासून ठरवतील.

फायदा हळूहळू येतो. पहिल्या महिन्यात वजन उतरतं, काहींचं आठ-दहा किलो निव्वळ पाणी जातं आणि माणूस अचानक हडकुळा दिसतो, कारण सुजेखाली स्नायू आधीच गेलेले असतात. तेव्हा बायका रडतात की शस्त्रक्रियेने वाळला. तसं नाही, तो आधीच वाळलेला होता, पाण्याने ते झाकलं होतं. अंडी, डाळ, दूध चालू ठेवा. तीन ते सहा महिन्यांत बहुतेकांची धाप आणि सूज बरीच कमी होते, काहींना वर्ष लागतं. काहींना थोडी सूज आणि एखादी लघवीची गोळी कायम राहते, विशेषतः उशिरा आलेल्यांना. तो गोंदियाचा शेतकरी चौथ्या महिन्यात तपासायला आला तेव्हा मी पोटाबद्दल विचारायच्या आत तो म्हणाला, ''मॅडम, जेवण जाते जी आता. दोन भाकरी.'' त्याची पायताणं नवी होती, एक नंबर लहान.

पैशांचं: भरती होण्याआधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेटा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया तिथे बसते का ते तोच लिहून देईल. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटीतही हृदयशस्त्रक्रियेचा विभाग आहे, तिथली बाह्यरुग्ण तपासणी सकाळची असते, लवकर निघा. रक्तदाते चार तरी जमवून ठेवा, गावातले तरुण मुलगे चालतील.

आता या आठवड्यात हे करा. जुने इको, सीटीची सीडी (फक्त कागद नाही, सर्जनना चुना नेमका कुठे आहे ते बघायचं असतं), यकृताच्या उपचाराची फाईल, टीबीची जुनी कार्डं, सगळं एका पिशवीत भरा आणि तारीख घ्या. तोड ठेकेदाराला सांगून करता येते, नाहीतर भावकीतला कुणी तरी बाग बघेल. डॉक्टरांनी काही कारणाने 'दोन आठवडे आधी सूज उतरवू' म्हटलं तर ते थांबणं उपचाराचा भाग आहे, तेवढं थांबा. मानेतली ती शीर खिडकीजवळ बघितलीत तर इथेच लिहा, मी परत येऊन वाचेन.